सरव्याचा गेटपास

आमच्या सोसायटीच्या दिवाळी स्नेहमेळाव्यात यंदा अंताक्षरीऐवजी ‘हरवलेला शब्द’ नावाची स्पर्धा घ्यायची असं सांस्कृतिक समितीने ठरवलं, तेव्हा मी त्या समितीत नव्हतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याचं खापर फोडायला सगळ्यांना माझंच डोकं सापडलं. स्पर्धा तशी निरुपद्रवी होती. प्रत्येकाने वापरातून गेलेला एक जुना मराठी शब्द आणायचा, तो कुठून आला आणि त्याचे काय काय अर्थ होतात ते पाच मिनिटांत सांगायचं, आणि जमलंच तर ती वस्तू दाखवायची. यात कोणाचं काही वाकडं होईल असं मला तरी वाटलं नव्हतं.

पुण्याजवळच्या सूसमधल्या आमच्या सोसायटीत मी मराठीचा माणूस समजला जातो. हे पद मला कोणी दिलेलं नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी लिफ्टमधल्या सूचनेतल्या पाच चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या, तेव्हापासून पाण्याच्या टँकरची असो की कुत्र्यांच्या विष्ठेची, प्रत्येक सूचना माझ्याकडे तपासायला येते. बायको म्हणते की एवढ्या निष्ठेने मी खात्यातल्या फायली तपासल्या असत्या तर दोन धरणं वेळेत झाली असती. तिच्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही. पण एक खरं, की सोसायटीत मराठी शब्दांची स्पर्धा असेल आणि त्यात पहिला नंबर दुसऱ्या कोणाचा आला, तर मला तोंड लपवून जिन्याने ये-जा करावी लागेल.

शब्द माझ्याकडे तयार होता. कासारसाईच्या अलीकडे दत्ताची भाताची खाचरं आहेत. आम्ही वर्षाचा इंद्रायणी तांदूळ त्याच्याकडून आणतो. दसऱ्यानंतर तांदळाची चौकशी करायला गेलो होतो तेव्हा त्याची बायको सुंदरा बोलता बोलता म्हणाली होती, “भात उरकत आला आता. चार दिसांनी नुसता सरवा ऱ्हाईल.” हा शब्द मी लहानपणी आईच्या तोंडून ऐकला होता आणि त्यानंतर थेट त्या दिवशी. पीक कापून नेल्यावर शेतात ज्या लोंब्या, जी कणसं गळून पडलेली राहतात, तो सरवा. घरी येताना गाडीत मी तो शब्द इतक्या वेळा म्हटला की बायकोने रेडिओ लावला.

मग संशोधन सुरू झालं. माझ्याकडचा जुना कोश काढला. त्यात सरव्याबद्दल जेमतेम दीड ओळ होती, म्हणून मी सोसायटीतल्या जाणकारांकडे वळलो, आणि ते करायला नको होतं. बी विंगमधले निवृत्त प्राध्यापक म्हणाले, हा संस्कृत ‘स्रव’ वरून आला. स्रवणं म्हणजे पाझरणं, गळणं. गळलं तो सरवा. तळमजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, छे, इतकं लांब कशाला जायचं, ‘सरणं’ वरून आला. पीक सरलं की उरतो तो सरवा. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तो फारसी असल्याचं ठामपणे सांगितलं. त्यांना सगळेच शब्द फारसी वाटतात, स्वतःच्या आडनावासकट. सोलापूरकडच्या वहिनी म्हणाल्या, आमच्याकडे सरवा भुईमुगाचा, तो उकरून काढायचा. नाशिकच्या काकू म्हणाल्या, कांद्याचासुद्धा असतो. आणि माझी सासू फोनवर म्हणाली की त्यांच्या माहेरी लग्न उरकल्यावर डब्याच्या तळाशी उरलेल्या बुंदीच्या चुऱ्यालाही सरवाच म्हणायचे. मी सगळ्यांना ‘असू शकेल’ म्हणालो आणि सगळं भाषणात घातलं. प्राध्यापक आणि डॉक्टर मात्र तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत.

आता वस्तू दाखवायची म्हणून मला फक्त मूठभर लोंब्या हव्या होत्या. मूठभर. हे मी सांस्कृतिक समितीच्या किमयाला सहज बोललो. किमया हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहे, मुलगी गुणी आहे, पण कुठलीही गोष्ट लहान ठेवणं तिला जमत नाही. मागच्या वर्षी तिने ‘सगळ्यांनी एक एक पणती लावू या’ म्हटलं तेव्हा अग्निशमन दलाची परवानगी काढावी लागली होती. तिने माझं बोलणं ऐकलं, डोळे मोठे केले, आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर ‘चला, सरवा वेचू या: मातीशी नातं जोडणारा अनुभव’ असं रंगीत आमंत्रण येऊन पडलं. खाली माझा फोटो होता. त्यात मी लिफ्टच्या सूचनेकडे बोट दाखवत होतो.

मी दत्ताला फोन करून विचारलं. तो म्हणाला, “या की साहेब. रान मोकळंच हाय. पोरंबाळं बी आना.” सुंदरा भाऊबीजेला माहेरी गेली होती. ती घरी असती तर ही गोष्ट इथेच संपली असती, पण बायका माहेरी गेल्या की पुरुष कशालाही हो म्हणतात, त्यात दत्ता काही वेगळा नाही.

एक बस आणि अकरा गाड्या घेऊन आम्ही गेलो. लोकांनी टोप्या, हातमोजे, उन्हाचं मलम, सगळा जामानिमा केला होता. मला वाटलं होतं, मंडळी दोन लोंब्या उचलतील, फोटो काढतील, मिसळ खातील आणि परततील. पण आमचे सेक्रेटरी निरंजन प्रकल्प व्यवस्थापक आहेत. त्यांनी बांधावर उभं राहून खाचराचे दोरी लावून चौकोन पाडले, विंगवार संघ केले आणि जाहीर केलं की ज्या संघाच्या चौकोनात शेवटी एकही लोंबी सापडणार नाही तो जिंकला. मग काय विचारता. जी माणसं घरात खाली पडलेला टॉवेल उचलत नाहीत ती त्या खाचरात रांगत होती. सी विंगने तर फटीतला एकेक दाणा वेचला. दुपारी आम्ही निघालो तेव्हा दत्ताचं रान देवघरासारखं स्वच्छ झालं होतं. दत्ता बांधावर उभा राहून हसत होता, पण त्याच्या हसण्यात काहीतरी कमी होतं हे मला आता आठवतं. तेव्हा मी सी विंगची बाजू घेऊन पंचांशी भांडत होतो.

वेचलेला माल भरपूर झाला. त्यातल्या एक टोपलीभर लोंब्या प्रवेशद्वाराजवळच्या हॉलमध्ये रांगोळी काढून ठेवल्या, शेजारी माणूसभर उंचीचा फलक: ‘सरवा’. उरलेल्यांची किमयाने तोरण बनवण्याची कार्यशाळा घेतली आणि घरोघरी दारावर भाताच्या लोंब्यांची तोरणं लागली. कोणी टिकल्या चिकटवल्या, कोणी जर गुंडाळली, दोघा-तिघांनी सोनेरी फवारा मारला. स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. शाल मिळाली, नारळ मिळाला, टाळ्या मिळाल्या. त्या आठवड्यात मी लिफ्टमधून उगाचच चार वेळा जास्त खाली-वर केलं.

आणि मग दत्ताचा फोन आला.

“साहेब,” तो हळू आवाजात म्हणाला, “जरा घोटाळा झालाय. साळूबाई सकाळधरनं बांधावर यिऊन बसलीया. उठंना झालीया.”

“कोण साळूबाई?”

“वरल्या माळावरची धनगराची. तुमी यिऊन जावा. सुंदरा बी आलीया म्हायेरावनं.” हे शेवटचं वाक्य त्याने आणखी हळू म्हटलं.

मी घरातला दहा किलो इंद्रायणी घेतला आणि गेलो. काय झालं असेल याचा थोडा अंदाज आला होता, आणि माझ्यासारख्या माणसाला वाटतं की काय झालं असेल ते दहा किलोत मिटतं. बांधावर एक सडपातळ म्हातारी दोन्ही पाय लांब करून, मांडीवर रिकामी परडी घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने पिशवीकडे पाहिलं.

“ह्ये काय?”

“तांदूळ. तुमच्यासाठी आणलाय.”

“म्या मागितला व्हता?”

“नाही, पण चुकून आमच्या लोकांनी तुमचा सरवा...”

“मंग सरवा कुटाय?”

सरव्याच्या व्युत्पत्तीवर मी पाच मिनिटं बोललो होतो, तो आत्ता कुठे आहे हे सांगायला मला लाज वाटली. शेवटी सुंदरा पुढे झाली. ती आधी दत्ताला बोलली, मग मला बोलली, मग पुन्हा दत्ताला बोलली, आणि त्या बोलण्यातून मला प्रकरण समजलं. खाचराचा मालक सरव्याला हात लावत नाही. रान त्याचं, पीक त्याचं, पण जे गळलं ते गरजवंताचं. ते वेचून झालं की मग साळूबाईचा मुलगा नथू शेळ्या-मेंढ्या रानात बसवतो, त्यांच्या लेंड्यांचं खत दत्ताला मिळतं. असं वर्षानुवर्षं चाललं होतं. आणि हा सरवा साळूबाईला पोट भरायला लागत नव्हता. येत्या रविवारी माळावर त्यांच्या देवाचा भंडारा होता. त्यात पहिल्या नैवेद्याचा भात वेचलेल्या सरव्याचा लागतो, विकतचा चालत नाही, आणि तो भात करण्याचा मान साळूबाईच्या घराकडे होता. तिच्या सासूकडून तिच्याकडे आलेला. समोरच्या घरात राहणाऱ्या तिच्या जावेचा त्यावर कधीपासून डोळा होता. साळूबाईचा भात यंदा झाला नाही तर मान जावेच्या घरात जाणार आणि एकदा गेला की परत येणार नाही.

“दुसऱ्या कुणाच्या रानात...” मी म्हणालो.

“कुठलं दुसरं?” सुंदरा म्हणाली. “त्या अंगाला भिंत घातलीया, फार्महाऊस झालंय. पलीकडं प्लॉट पाडल्यात. खाली त्या हाटेलवाल्यानं घेतलंय. वेचायला रान ऱ्हायलंय ते आमचं एवढंच. अन् तेबी तुमी झाडून न्हेलं.”

मला खरंच वाईट वाटलं. इतकं वाईट मला खात्यात चौकशी लागली तेव्हाही वाटलं नव्हतं. मी म्हणालो, “आम्ही वेचलेला सगळा आहे अजून. आज संध्याकाळी आणून देतो.”

साळूबाईने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “दिल्याला सरवा म्या घिऊ? सरवा कुनी देत न्हाई, कुनी मागत न्हाई. पडतुया त्यो वाकून उचलायचा. देवाम्होरं म्या खोटं बोलाय न्हाई जायाची.”

“मग आता?”

“मंग काय. ऱ्हायलं.” तिने परडी उलटी घातली आणि माळाकडे तोंड करून बसली. तिचा आवाज चढला नव्हता.

सुंदरा वैतागून म्हणाली, “मंग पाडा की परत. जसा उचललाय तसा पाडा.” ती हे रागाने बोलली होती. पण बोलून झाल्यावर ती थांबली, मी दत्ताकडे पाहिलं, दत्ताने माझ्याकडे पाहिलं. साळूबाई माळाकडेच बघत म्हणाली, “म्या काय हितं बघत बसनार न्हाई. शनवारी सकाळी सरवा येचाय येनार. असला तर येचीन.”

म्हणजे शनिवारच्या आत सगळा सरवा सोसायटीतून बाहेर काढून दत्ताच्या खाचरात पाडायचा होता. यात अवघड काय, असं मला परतीच्या वाटेवर वाटत होतं. मी आमची सोसायटी विसरलो होतो.

पहिली अडचण टोपलीची. टोपली उचलून मी गेटपर्यंत आलो तर वॉचमनने अडवलं. सामान बाहेर न्यायला गेटपास लागतो. गेटपास निरंजनच्या ॲपमधून निघतो. निरंजन म्हणाले, “काका, दोन मिनिटांचं काम आहे.” ॲपमध्ये सामानाचा प्रकार निवडायचा होता: फर्निचर, इलेक्ट्रॉनिक, भंगार, पाळीव प्राणी. मी जड मनाने भंगार निवडलं. मग ॲपने सांगितलं की अशी कुठलीही वस्तू आत आल्याची नोंद नाही, त्यामुळे ती बाहेर जाऊ शकत नाही. निरंजनच्या मते उपाय सोपा होता. टोपली एकदा बाहेर नेऊन पुन्हा आत आणायची, आत आल्याची नोंद करायची, मग बाहेर न्यायची. मी म्हणालो, बाहेर नेता येत नाही म्हणून तर हे सगळं चाललंय. निरंजन विचारात पडले आणि म्हणाले की ही चांगली केस आहे, कंपनीला कळवतो. मी टोपली हॉलमध्ये परत ठेवली. रांगोळी पुसली गेल्याबद्दल सफाईवाल्या मावशी मला बोलल्या.

दुसरी अडचण तोरणांची. ती मी दारोदार जाऊन मागायची होती, आणि पहिल्या नंबराची शाल घेतलेल्या माणसाला ते किती जड जातं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. ए विंगमधल्या एका आजींनी दारावरचं तोरण सणासुदीत काढू देणार नाही म्हणून दारातच ठिय्या मांडला. दुसऱ्या एका घरी तोरण मुलीकडे बंगळुरूला कुरिअर झालं होतं. एका घरी पोपटाने खाल्लं होतं आणि पोपटाच्या वतीने माफी मागितली गेली. सोनेरी फवारा मारलेली सगळी बाद करावी लागली. देवाला सोन्याचा भात चालतो की नाही यावर प्राध्यापक बोलू लागले, तर समोरून डॉक्टरांनी दार लावून घेतलं. काहींनी मात्र काही न विचारता तोरण काढून हातात दिलं, टिकल्या ओरबाडून दिल्या. मी पिशवी खांद्याला लावून वाकून वाकून उंबरठ्यावर गळलेले दाणेही उचलत होतो. बायको जिन्यात भेटली. ती म्हणाली, “आता खरा सरवा वेचताय.” आणि तिने माझ्या हातातली अर्धी पिशवी घेतली.

टोपली राहिलीच होती. शेवटी मी चेअरमनकडे गेलो. चेअरमन म्हणजे दादासाहेब. ही सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांची. जमिनीच्या बदल्यात फ्लॅट मिळाले, त्यांतल्या एका फ्लॅटमध्ये ते राहतात आणि रोज संध्याकाळी खुर्ची टाकून पार्किंगमध्ये बसतात, कारण तिथे त्यांची विहीर होती. ते आधी नियमावर बोलले. टोपली हॉलमध्ये ठेवण्याचा ठराव झालाय, ठराव मागे घ्यायचा तर सभा, सभा घ्यायची तर चौदा दिवसांची नोटीस. मी ऐकून घेतलं. मग साळूबाईचं सगळं सांगितलं. मानाचं सांगितलं, जावेचं सांगितलं, तिने परडी उलटी घातली तेही सांगितलं.

दादासाहेब म्हणाले, “आमची आई कापणीच्या वक्ताला बांधावर हुबी ऱ्हायाची. कापणाऱ्या बायांना म्हणायची, मूठ लई आवळू नगा गं, गळू द्या थोडं.” त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. “मी ह्ये पार इसरून गेलो व्हतो बघा. तुमच्या भाषणाला टाळ्या वाजवल्या मी.”

ते उठले, हॉलमधली टोपली उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि गेटमधून बाहेर गेले. वॉचमनने चेअरमनला सलाम केला. गेटपासचं नावही कोणी काढलं नाही.

शनिवारी सकाळी आम्ही वीसेक जण दत्ताच्या रानात होतो. किमयाला मी हात जोडून सांगितलं होतं की याचा कार्यक्रम करू नकोस, फोटो तर अजिबात काढू नकोस. तिने फोन गाडीत ठेवला, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. लोंब्या पाडायला सुरुवात झाली. निरंजन एका सरळ रेषेत, वीतभर अंतर सोडून एकेक लोंबी ठेवत चालले होते.

“ओ साहेब,” दादासाहेब ओरडले, “सरवा कवायतीला उभा ऱ्हातुया का? चालता चालता सोडा. बगू नगा कुटं पडतंय.”

पण न बघता काही सोडायला आमच्या लोकांना जमत नव्हतं. जो तो सोडलेली लोंबी वळून बघायचा. वर चिमण्या आणि साळुंक्या आल्या, त्यांना हाकलायला सी विंग धावली, आणि तेवढ्यात माळाच्या बाजूने नथू शेळ्या-मेंढ्या घेऊन खाली उतरला. त्याला वाटलं, सरवा तर सगळा गेलाच आहे, आता रान बसवायला मोकळं. मग आम्ही सगळे हात धरून बांधावर उभे राहिलो. डॉक्टरांना प्राध्यापकांचा हात धरावा लागला. एका बोकडाने निरंजनच्या बुटाची नाडी खाल्ली. नथू लांबूनच म्हणाला, “ह्ये कसलं आंदोलन हाय?” सुंदराने त्याला बाजूला नेऊन समजावलं, तेव्हा त्याने कळप वळवला, पण जाताना तो हसत होता आणि ते हसू मला लागलं.

साळूबाई बांधाच्या पलीकडे, बाभळीखाली आमच्याकडे पाठ करून बसली होती. कधी आली होती कोणास ठाऊक. आम्ही सगळे रानाबाहेर झालो तेव्हा ती सावकाश उठली, वळली, परडी कमरेला लावली आणि खाचरात उतरली.

“बया,” ती सुंदराला म्हणाली, “यंदा लई सरवा पडलाय की.”

आणि वाकून वेचू लागली. आम्ही गाड्यांशी उभे राहून बघत होतो.

रविवारी दत्ताने आम्हा चौघांना भंडाऱ्याला नेलं: मी, बायको, किमया आणि दादासाहेब. माळावर देवाच्या दगडापुढे भंडारा उधळलेला, बाजूला चुली, माणसं पंगतीने बसलेली. साळूबाईने भाताचं पातेलं आणून देवापुढे ठेवलं. नवं लुगडं नेसली होती. ती माझ्याकडे बघून हसली वगैरे नाही, पण तिने मान थोडी ताठ केली होती, आणि मला ते बघून बरं वाटलं. पुजारी बाजी भाताचा मुटका करायला वाकले. तेवढ्यात तिची जाऊ पुढे आली. तिने बोटाने भातातून काहीतरी उचललं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

हिरवी टिकली होती. उन्हात चांगली चमकत होती.

“ह्यो सरवा व्हय?” जाऊ म्हणाली. “रानात टिकल्या पिकत्यात का? ह्यो कुनीतरी दिल्याला तांदूळ हाय. मान ऱ्हात न्हाई.”

साळूबाईचा चेहरा उतरला. मी त्या टिकलीकडे बघत होतो. ती कोणाच्या दारावरची हेही मला माहीत होतं, आमच्याच. बाजींनी विचारलं, “साळू, येचलाय का ह्यो?”

“येचलाय. दत्ताच्या रानातनं. वाकून.”

“अन् ही टिकली?”

देवापुढे ती खोटं बोलणार नव्हती आणि खरं बोलली तर मान जात होता. मी उभा राहिलो. म्हणालो, “टिकली आमच्या घरची आहे.”

बाजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “म्हंजे सरवा तुमी दिलाय तिला?”

“दिला नाही. पडला.”

“तुमच्या हातनं?”

“हो.”

“कसा पडला?”

सरवा कसा पडतो यावर मी पाच मिनिटांचं भाषण करून पहिला नंबर मिळवला होता. त्यात संस्कृत होतं, कोश होता, सोलापूरचा भुईमूग होता. त्यातलं एक अक्षर त्या वेळी तोंडात आलं नाही. मी म्हणालो, “गळला.”

माझ्या मागून दादासाहेब खोकले. “मूठ लई आवळली नव्हती,” ते म्हणाले, “म्हून गळला.”

बाजींनी जावेच्या हातातून टिकली घेतली, बाजूच्या गवतात टाकली आणि भाताचा मुटका करून देवापुढे ठेवला. ढोल वाजला. जाऊ पदर सावरत मागे गेली. साळूबाईने पातेलं उचललं आणि पहिल्या पंगतीत वाढायला सुरुवात केली, मानाप्रमाणे तिनेच.

माझ्यापाशी आली तेव्हा तिने पत्रावळीवर भाताचा डोंगर केला. मी म्हणालो, “बास, बास.” तिने आणखी एक डाव घातला. मग खाली वाकून, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, “पुढल्या साली येऊ नगा बाबा. तुमी न आलात तर आपसूक पडतुया.”

मी मान हलवली आणि खाली बघून जेवू लागलो. भात मऊ होता, चुलीचा वास होता त्याला. तिसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी कचकन आलं. ती लाल टिकली होती. बायकोने बघितलं, मी बघितलं, आणि कोणाला दिसायच्या आत मी ती गिळली.